प्रश्न वाचकांचे : हातातला व्हॅक्यूम क्लीनर

घरगुती यंत्रांविषयीच्या या सदराकडे अलीकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच वस्तूबद्दल होती : एका हातात मावणारा, चार्ज करून वापरायचा छोटा कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनर. ही पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतून जास्त यावीत याचे नवल वाटत नाही. घोडबंदर रस्त्यापासून खारघरपर्यंत जिकडेतिकडे बांधकामे चालू आहेत, खिडकीच्या सरकपट्टीत सकाळी पुसलेली धूळ संध्याकाळी पुन्हा दिसते आणि वन-बीएचकेच्या घरात मोठा क्लीनर ठेवायला कोपरा उरलेला नसतो. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर या एका विषयाला दिले आहे. प्रश्न थोडे संक्षिप्त केले असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे दोन छोटे क्लीनर आहेत. एकाच्या खोक्यावर ‘१५,००० पास्कल’ असे ठळक छापले आहे, दुसऱ्याच्या खोक्यावर ‘८,००० पास्कल’. तरीही सोफा आणि सतरंजी दुसऱ्यानेच जास्त स्वच्छ होते. असे का? विकत घेताना कोणता आकडा पाहावा? (एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे)

उत्तर : खोक्यावरचा पास्कलचा (पास्कल हे दाबाचे माप) आकडा खोटाच असतो असे नाही, पण तो ज्या स्थितीत मोजलेला असतो ती स्थिती आपल्या घरात कधी येत नाही. नोझलचे, म्हणजे कचरा ओढणाऱ्या पुढच्या नळीचे, तोंड पूर्ण बंद करून, आत हवा अजिबात येत नसताना, पंखा बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब किती खाली आणतो हे तो आकडा सांगतो. कचरा मात्र वाहत्या हवेबरोबर आत येतो, त्यामुळे दाबातल्या फरकाइतकेच महत्त्व सेकंदाला किती लिटर हवा आत येते यालाही असते. तोंड बंद केले की दाबातला फरक सर्वांत जास्त आणि प्रवाह शून्य; तोंड मोकळे सोडले की प्रवाह सर्वांत जास्त आणि दाबातला फरक नाममात्र. यंत्राचे खरे काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी होते.

दाबातला फरक आणि प्रवाह यांचा गुणाकार केला की हवेला मिळालेली शक्ती वॉटमध्ये येते. तिला ‘एअर वॉट’ म्हणतात. आलेखावर या दोन टोकांना जोडणारी रेघ साधारण सरळ आहे असे धरले, तर ही शक्ती अधल्यामधल्या बिंदूवर सर्वांत जास्त असते आणि दोन्ही टोकांच्या आकड्यांच्या गुणाकाराच्या चौथाईइतकी भरते. समजा, आपल्या पहिल्या यंत्राचा बंद तोंडाचा आकडा १५,००० पास्कल आहे, पण मोकळ्या तोंडाने ते सेकंदाला ६ लिटरच हवा ओढते. दुसऱ्याचा ८,००० पास्कल आहे, पण ते १४ लिटर ओढते. पहिल्याची कमाल शक्ती सुमारे २२ एअर वॉट येते, दुसऱ्याची २८. सतरंजीवर रुंद तोंड फिरवताना या दुसऱ्या यंत्राची हवा जास्त वाहते आणि ती रवाळ धूळ सोबत आणते. पहिल्याचा जोर अरुंद फटीत, किंवा फिल्टर तुंबत आल्यावर, दिसून येतो. त्यामुळे ते अगदीच टाकाऊ आहे असेही नाही.

काही खोक्यांवर ‘१२० वॉट’ असेही छापलेले असते; ते मोटरने बॅटरीतून घेतलेल्या विजेचे माप आहे. त्यातला एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग हवेपर्यंत पोहोचला तरी लहान यंत्रासाठी ते चांगले काम समजावे. उरलेल्याची उष्णता आणि आवाज होतो. म्हणून खरेदी करताना एअर वॉट विचारावेत, ते सांगता येत नसतील तर हवेचा प्रवाह विचारावा, आणि दोन्ही सांगता येत नसतील तर डेमो मागावा. दुकानात बहुधा पोहे किंवा कागदाचे कपटे उचलून दाखवतात; हलकी, चपटी वस्तू कोणतेही यंत्र उचलते. आपण जाड मीठ आणि रवा न्यावा आणि तो गुळगुळीत काउंटरवर न टाकता पायपुसण्यावर टाकावा.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र वागळे इस्टेटमधल्या एका टूल रूममध्ये (साचे बनवण्याच्या कारखान्यात) काम करतो. प्लॅस्टिकचे साचे बनवण्याचा अनुभव आहे. बाजारातल्यापेक्षा लहान आणि टिकाऊ कॉर्डलेस क्लीनर स्वतः तयार करावा असे मनात आहे. एक जोरदार मोटर मिळाली आहे. पुढे कसे जावे? (दोन वाचक, ठाणे)

उत्तर : मोटर मिळाली म्हणून तिच्याभोवती यंत्र रचायला घेणे हीच या व्यवसायातली सर्वसाधारण पद्धत आहे आणि बाजारातली पुष्कळ यंत्रे म्हणूनच सामान्य निघतात. आपण क्रम उलटा ठेवावा, असे मी आग्रहाने सुचवेन : आधी कचरा ठरवावा, मग नोझल, मग हवेचा मार्ग आणि फिल्टर, त्यानंतर मोटर, आणि सर्वांत शेवटी बॅटरी. प्रत्येक पायरीवरचा आकडा पुढच्या पायरीची गरज ठरवतो, आणि उलट दिशेने गेल्यास ती गरज कधी कळतच नाही.

कचरा ठरवणे म्हणजे हे यंत्र कुठे वापरले जाईल ते कागदावर लिहिणे. गाडीच्या सीटमधली वाळू, स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीतले कण, सरकत्या खिडकीच्या पट्टीतली बांधकामाची धूळ आणि पलंगावरचे केस या चार गोष्टींच्या मागण्या वेगवेगळ्या आहेत. वाळूला वेग हवा, केसांना रुंद आणि अडथळा नसलेला मार्ग हवा, सिमेंटच्या धुळीला चांगला फिल्टर हवा. चारही कामे सारख्याच उत्तम रीतीने करणारे अर्ध्या किलोचे यंत्र मी तरी पाहिलेले नाही. आपल्या भागात काम करायचे तर खिडकीची पट्टी आणि गाडी यांना अग्रक्रम द्यावा.

मग नोझल. सेकंदाला ८ लिटर हवा २५ गुणिले ५ मिलिमीटरच्या फटीतून नेली, तर तिचा वेग सेकंदाला ६४ मीटर होतो. तीच हवा ६० गुणिले १० मिलिमीटरच्या तोंडातून नेली, तर १३ मीटर. प्रत्यक्षात अरुंद फट प्रवाहाला अडवते, म्हणून पहिला आकडा तितका टिकत नाही, पण दोहोंतले अंतर यावरून कळावे. दुसरी, अनेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की, ओढ तोंडापासून दूर जाताच झपाट्याने संपते. फुंकलेली हवा लांबवर जाते, ओढलेली हवा मात्र सर्व बाजूंनी गोळा होते. गोल तोंडापासून त्याच्या व्यासाइतक्या अंतरावर हवेचा वेग तोंडातल्या वेगाच्या एक दशांशाहूनही कमी उरतो. त्यामुळे नोझलची कड पृष्ठभागाच्या अगदी जवळ, मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर राहिली पाहिजे, आणि तरीही ती चिकटून हवा बंद होऊ नये म्हणून कडेला लहान खाचा ठेवल्या पाहिजेत. या खाचांची खोली अर्ध्या मिलिमीटरने बदलून पाहण्यात घालवलेला वेळ मोटर बदलण्यात घालवलेल्या वेळापेक्षा जास्त फळ देतो.

नोझलपासून पंख्यापर्यंतच्या मार्गात तीन शत्रू असतात : काटकोनी वळण, अचानक बदलणारी रुंदी आणि गळती. पहिले दोन ड्रॉइंगवर दिसतात. गळती दिसत नाही, कारण ती धुळीची डबी आणि यंत्राचे अंग जिथे जुळते त्या कडेला असते. आपण साचे बनवणारे आहात, म्हणून हे सांगणे जास्त गरजेचे आहे : साच्याच्या दोन भागांची रेघ सीलच्या बैठकीवरून जाऊ देऊ नये. तिथे राहिलेली केसाएवढी कडही सिलिकॉनच्या रिंगला नीट बसू देत नाही. भिंतीची जाडी २ ते २.५ मिलिमीटर, निदान १ अंशाचा ड्राफ्ट (नग साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार) आणि रिबची (आतल्या आधारपट्टीची) जाडी भिंतीच्या निम्म्याच्या आसपास हे सर्व आपल्याला ठाऊक आहेच. अंग एबीएस या प्लॅस्टिकचे आणि पारदर्शक डबी पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची ही जोडी रूढ आहे व ती योग्य आहे. फक्त पॉलिकार्बोनेटला थिनरचा हात लागू देऊ नये, त्याने तडे जातात.

गळती मोजायला महागडे उपकरण लागत नाही. गवंडी पातळी काढायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल-पाइप हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिचा इंग्रजी यू अक्षरासारखा वाक करून अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरावे आणि एक टोक यंत्रातल्या हवेच्या मार्गाला जोडावे. १ किलोपास्कल म्हणजे पाण्याच्या पातळीतला सुमारे १०२ मिलिमीटरचा फरक. नोझल बंद करून एकदा थेट पंख्याच्या तोंडाशी आणि एकदा नोझलपाशी हा फरक पाहावा. हवा वाहतच नसेल तर दोन्हीकडे तो सारखाच यायला हवा. नोझलपाशी तो कमी दिसला, तर मधल्या मार्गात हवा कुठूनतरी शिरते आहे असे समजावे.

फिल्टरविषयी पुढे एका प्रश्नात लिहिले आहेच, म्हणून येथे एकच हिशेब देतो. ५० मिलिमीटर व्यासाची सपाट चकती सुमारे २० चौरस सेंटिमीटरची असते. त्याच व्यासाच्या, ४० मिलिमीटर उंच नळकांड्यात ८ मिलिमीटर खोलीच्या ३० घड्या घातल्या, तर कापड १९० चौरस सेंटिमीटरच्या पुढे जाते. त्याच प्रवाहाला कापडातून एक दशांश वेगाने जावे लागते आणि अडथळाही जवळजवळ त्याच प्रमाणात उतरतो. घडीचा फिल्टर महाग म्हणून चकती वापरायची आणि तो तोटा भरून काढायला मोठी मोटर व जास्त सेल घालायचे, हा हिशेब कोणत्याही बाजूने जुळत नाही.

आता बॅटरी. १८६५० या नावाने मिळणारा लिथियम-आयन सेल १८ मिलिमीटर व्यासाचा, ६५ मिलिमीटर लांबीचा आणि साधारण ४५ ते ५० ग्रॅम वजनाचा असतो. असे २.५ अँपिअर-तासाचे तीन सेल एकापुढे एक जोडले की ११.१ व्होल्ट आणि सुमारे २८ वॉट-तास ऊर्जा मिळते. १२० वॉटची मोटर त्यावर कागदोपत्री जवळपास चौदा मिनिटे चालेल, प्रत्यक्षात दहा-बारा. तिला लागणारा विजेचा प्रवाह ११ अँपिअर आहे. दोनच सेल घेतले तर तो १६ अँपिअर होतो. वायर, स्विच आणि जोड यांचा एकूण रोध २० मिलिओहम असला, तर ११ अँपिअरला त्यात अडीच वॉट जळतात, १६ अँपिअरला ५ वॉट. हा सगळा प्रवाह बोटाखालच्या स्विचमधून नेऊ नये. स्विचने फक्त मॉसफेटला (मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचला) इशारा द्यावा. सेल जास्त प्रवाह देणाऱ्या जातीचेच घ्यावेत. पॉवर बँकचे सेल क्षमतेने मोठे दिसले तरी या कामाला चालत नाहीत, ते तापतात आणि लवकर निकामी होतात. जुन्या लॅपटॉपमधून काढून नवे वेष्टन चढवलेले सेलही बाजारात फिरतात; वजन आणि अंतर्गत रोध मोजल्याशिवाय सुटे सेल स्वीकारू नयेत. बॅटरी पॅकसाठी आयएस १६०४६ च्या दुसऱ्या भागानुसार भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी बंधनकारक आहे, म्हणून आधीच नोंदणी असलेल्या उत्पादकाचा पॅक घेणे आपल्यासारख्या छोट्या उद्योगाला सोयीचे पडेल.

पोलादी साचा शेवटी कापावा. त्याआधी सिलिकॉनच्या साच्यातून पॉलियुरेथेनचे वीस-पंचवीस नग ओतून घ्यावेत आणि ते ओळखीच्या घरांत पावसाळाभर वापरायला द्यावेत.

प्रश्न : मी नेरुळला मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकते. इतक्या छोट्या यंत्रातला पंखा मिनिटाला ८०,००० किंवा लाखावर फेरे का घेतो? कमी वेगाचा पंखा शांत असणार नाही का? असा इम्पेलर (पंख्याचे पात्यांचे चाक) थ्रीडी प्रिंट करून प्रयोग करता येईल का? (एक विद्यार्थिनी, नेरुळ)

उत्तर : पंख्याने निर्माण केलेला दाबातला फरक त्याच्या कडेच्या वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो, आणि कडेचा वेग म्हणजे व्यास आणि फेरे यांचा गुणाकार. यंत्र लहान करायचे म्हणून व्यास निम्मा केला, तर तेवढाच दाब मिळवण्यासाठी फेरे दुप्पट करण्याखेरीज मार्ग नाही. ४० मिलिमीटरचा इम्पेलर मिनिटाला ८०,००० फेरे घेत असेल, तर त्याची कड सेकंदाला १६७ मीटर, म्हणजे ताशी ६०० किलोमीटरने धावते आणि बंद तोंडाशी ढोबळमानाने १६ किलोपास्कल मिळतात. तोच इम्पेलर ४०,००० फेऱ्यांवर चालवला तर ४ किलोपास्कलच हाती लागतात. कार्बन ब्रशच्या मोटरला असा वेग पेलवत नाही, ब्रश भराभर झिजतात आणि ठिणग्या पडतात. म्हणून तिथे ब्रशलेस मोटर येते आणि तिच्यासोबत तिला चालवणारे इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजेच किंमत, येते.

आवाजाचा प्रश्न आपण चांगला विचारला आहे, कारण येथे उत्तर अपेक्षेच्या उलट निघते. पंख्याचा मुख्य स्वर सेकंदाचे फेरे आणि पात्यांची संख्या यांच्या गुणाकारावर ठरतो. ३०,००० फेरे आणि ७ पाती असतील तर ३,५०० हर्ट्झ. माणसाचा कान नेमका २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत संवेदनशील आहे. ८०,००० फेरे आणि १३ पाती घेतली की स्वर १७,००० हर्ट्झच्या वर जातो, जिथे बहुतेक प्रौढांना जवळपास काही ऐकू येत नाही. घरात कुत्रा असेल तर त्याचे मत वेगळे पडेल. पात्यांची संख्या विषम किंवा मूळ संख्या ठेवण्याचे कारणही येथेच आहे : पंख्यामागच्या स्थिर पात्यांच्या संख्येशी तिचे सामायिक विभाजक असले, तर अनेक पाती एकाच क्षणी समोरासमोर येतात आणि स्वर तीव्र होतो.

थ्रीडी प्रिंट केलेल्या इम्पेलरबद्दल मात्र स्पष्ट सांगतो : या वेगावर तो चालवू नये. फिरत्या भागातला ताणही कडेच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, थरांमधला जोड कमकुवत असतो आणि किंचित असमतोलही बेअरिंगला हादरे देतो. तो फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात. नोझल, डबी, सायक्लोन (हवा गोल फिरवून जड कण वेगळे करणारी रचना) यांचे प्रयोग प्रिंटवर खुशाल करावेत. तंतू वितळवून छापलेल्या भागांना आतून पातळ इपॉक्सीचा (घट्ट होणाऱ्या राळेचा) हात द्यावा, नाहीतर थरांमधून हवा गळते आणि मोजमाप चुकते. पंखा तयार मोटरसोबत आलेलाच वापरावा.

प्रश्न : फिल्टर धुवून वापरा असे पुस्तिकेत लिहिले आहे. जुलैत धुतला, दुसऱ्या दिवशी बसवला. तेव्हापासून यंत्रातून कुबट वास येतो आणि कचरा नीट ओढला जात नाही. फिल्टर बदलू की यंत्र? (एक गृहिणी, ऐरोली)

उत्तर : यंत्र बदलू नये. फिल्टर पूर्ण वाळण्याआधी बसवला गेला असावा. पुस्तिकांमध्ये ‘२४ तास वाळवा’ असे छापलेले असते, पण तो सल्ला कोरड्या हवेतला आहे. ऐरोलीत खाडीकाठी जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहत असताना घडीच्या आतला ओलावा दोन-तीन दिवसही जात नाही. त्या ओल्या कापडावर बारीक धूळ बसली की तिचा लेप होतो, हवेचा मार्ग बंद होतो आणि बुरशी धरते. हेअर ड्रायरच्या गरम झोताने फिल्टर वाळवू नये. घड्या धरून ठेवणारा गोंद सुटतो आणि तिथून धूळ थेट मोटरकडे जाते. पंख्याखाली, घड्या खाली करून ठेवावा. पावसाळ्यात धुण्याऐवजी मऊ ब्रशने आणि कडेवर टिचकी मारून झटकणे पुरते. हे काम गॅलरीत, नाकाला रुमाल बांधून करावे. आता धरलेला वास बहुधा जाणार नाही, तेव्हा फिल्टर नवा घ्यावा, आणि शक्य असेल तर दोन घ्यावेत म्हणजे एक वाळत असताना दुसरा चालतो.

यात दोष एकट्या वापरणाऱ्याचा नाही. फिल्टर वारंवार तुंबतो याचा अर्थ त्याच्या आधीची पायरी कमजोर आहे. चांगल्या रचनेत हवा डबीत तिरकी शिरून गोल फिरते, जड कण भिंतीकडे फेकले जाऊन खाली बसतात आणि फिल्टरपर्यंत फक्त बारीक धूळ पोहोचते. यालाच सायक्लोन म्हणतात. ही गोल फिरण्याची जागा डबी भरत आली की नाहीशी होते, म्हणून खुणेच्या रेघेपर्यंत कचरा येण्याआधीच डबी रिकामी करावी. खोक्यावर ‘हेपा’ (अतिबारीक कण अडवणारा फिल्टर) लिहिले असले तरी ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवले जातात असा स्पष्ट उल्लेख आहे का, ते पाहावे. ‘हेपासारखा’ या शब्दाला काही अर्थ नाही. रांगोळी, टाल्कम पावडर आणि भिंत घासल्यावर पडणारी पुट्टी या तीन वस्तू शक्यतो या यंत्राने उचलू नयेत; त्या इतक्या बारीक असतात की सायक्लोनला चकवून थेट घड्यांत जाऊन बसतात. आणि उदबत्तीची राख तर मुळीच नको, तिच्यात विस्तव लपलेला असू शकतो.

प्रश्न : नोझलवर हात ठेवला की मोटरचा आवाज एकदम चढतो. त्या वेळी मोटरवर ताण येतो का? (एक वाचक, कळवा)

उत्तर : ताण कमी होतो. पंख्याचे काम हवा ढकलण्याचे आहे. हवाच येईनाशी झाली की काम हलके होते, मोटर जास्त वेगाने फिरते आणि स्वर चढतो. अडचण दुसरीच आहे : बहुतेक छोट्या यंत्रांत हीच ओढलेली हवा मोटरला थंड ठेवते. नोझल बंद, किंवा फिल्टर तुंबलेला, अशा स्थितीत यंत्र मिनिटभर चालले तर मोटर आतल्या आत तापत जाते. स्वर नेहमीपेक्षा चढलेला वाटला की फिल्टर तपासावा. त्यासाठी वेगळ्या दिव्याची गरज नाही.

प्रश्न : हे यंत्र अमेरिकेच्या चांद्रमोहिमेतून निघाले, असे मुलाला शाळेत सांगितले. खरे आहे का? (एक पालक, कोपरी)

उत्तर : अर्धे खरे आहे. ब्लॅक अँड डेकर या कंपनीने बॅटरीवर चालणारे ड्रिल १९६१ मध्येच बाजारात आणले होते. पुढे अपोलो मोहिमांसाठी चंद्राच्या पृष्ठभागाखालचे नमुने काढणारे ड्रिल तयार करण्यात तिचा सहभाग होता, आणि कमीत कमी विजेत मोटर कशी चालवावी याची आकडेमोड त्या कामासाठी संगणकावर केली गेली. तो अनुभव कंपनीने घरगुती यंत्रांत वापरला आणि १९७९ मध्ये ‘डस्टबस्टर’ नावाचा हातातला क्लीनर विक्रीला आला. नासाने क्लीनर बनवला, हे मात्र खरे नाही. त्या पहिल्या यंत्रात निकेल-कॅडमियमचे सेल होते. आजच्या लिथियम सेलमध्ये तेवढ्याच वजनात कितीतरी पट ऊर्जा मावते.

प्रश्न : क्लीनर गाडीतच ठेवतो. गाडी दिवसभर स्टेशनच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते. आता बॅटरी पाच मिनिटेही टिकत नाही. शिवाय मोबाइलच्या नव्या चार्जरने तो चार्जच होत नाही, जुन्या चार्जरने होतो. (एक वाचक, वाशी)

उत्तर : उन्हात बंद गाडीच्या आतले तापमान ६० अंशांच्याही वर जाऊ शकते. लिथियम सेलची क्षमता अशा उष्णतेत, विशेषतः तो पूर्ण चार्ज असताना, कायमची घटते. गेलेली क्षमता परत येत नाही. यंत्र घरी ठेवावे. गाडीतच ठेवणे भाग असेल तर निम्मे चार्ज करून, डिकीत, सावलीच्या बाजूला ठेवावे, आणि गरम यंत्र लगेच चार्जिंगला लावू नये. ४५ अंशांच्या वर चार्जिंग रोखणारा तापमापक बॅटरी पॅकमध्ये असायला हवा. स्वस्त यंत्रांत तो वगळलेला आढळतो.

चार्जरचा प्रश्न सोपा आहे. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलमध्ये, समोर कोणते यंत्र आहे हे ओळखल्याशिवाय चार्जर वीज सोडत नाही. ही ओळख पटवायला यंत्राच्या पोर्टमध्ये ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात. काही पैशांची बचत म्हणून काही उत्पादक तेही गाळतात. चौकोनी टोकाची जुनी केबल वापरत राहावे, धोका काही नाही. ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या चार्जरने २८ वॉट-तासांची बॅटरी भरायला तीन तासांच्या वर लागणारच.

प्रश्न : वय बहात्तर. अंगठ्याचा सांधा दुखतो. क्लीनरचे बटण सतत दाबून धरावे लागते, पाच मिनिटांत हात भरून येतो. वजनाने हलका कोणता घ्यावा? (एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : आपण वजनाइतकेच वजन कुठे आहे हेही पाहावे. मोटर पुढे आणि मूठ मागे असेल, तर ६०० ग्रॅमचे यंत्रही मनगट खाली ओढते. बॅटरी मुठीत किंवा मुठीच्या मागे असेल तर ८०० ग्रॅमचेही सुसह्य वाटते. दुकानात यंत्राची मूठ दोन बोटांवर सैल धरून पाहावी; नोझल झपकन खाली झुकले तर ते घेऊ नये. मुठीचा व्यास ३० ते ४० मिलिमीटर असावा. एकदा दाबले की चालू, पुन्हा दाबले की बंद, असे बटण मागावे. दाबून धरायचे बटण उत्पादक बॅटरी वाचवण्यासाठी ठेवतात आणि त्याचा भार आपल्या अंगठ्यावर टाकतात. हे मला पटत नाही.

प्रश्न : तीन वर्षे वापरलेल्या क्लीनरची बॅटरी संपली. कंपनी म्हणते, बॅटरी वेगळी मिळत नाही. जुनी यंत्रे कचऱ्यात टाकावीत का? (एक वाचक, खारघर)

उत्तर : घरच्या कचऱ्यात टाकू नयेत. कचऱ्याच्या गाडीत दाबले जाऊन सेल फुटला तर आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार बाजारात आणलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्चक्रणाला देण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून विक्रेत्याकडे किंवा कंपनीच्या सेवा केंद्राकडे लेखी मागणी करावी. अधिकृत ई-कचरा संकलकाकडेही यंत्र देता येते. नेण्याआधी चार्ज संपवावा आणि टोकांवर चिकटपट्टी लावावी.

मोटर ठणठणीत असेल तर पॅक बदलून घेता येतो. मात्र सेलवर थेट सोल्डरिंग करणाऱ्याकडे ते देऊ नये, उष्णतेने सेल आतून बिघडतो. निकेलच्या पट्टीने स्पॉट वेल्डिंग करणारा आणि जुन्या पॅकमधला बीएमएस (बॅटरीचे रक्षण करणारे सर्किट) तपासून देणारा कारागीर शोधावा. नवे सेल एकाच जातीचे, एकाच क्षमतेचे आणि मूळ सेलइतका प्रवाह देणारे असावेत. पुढचे यंत्र घेताना ते उलटे करून पाहावे. स्क्रू दिसत असतील तर बॅटरी बदलता येण्याची शक्यता आहे. दोन अर्धी अंगे गोंदाने किंवा अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने जोडलेली असतील, तर ते यंत्र बॅटरीइतकेच जगणार हे धरूनच त्याची किंमत ठरवावी.